बाकीचे खलाशी बुडाले

मांडवी बंदरावर माझ्यासारखा देखणा राजपुत्र आजवर झाला नाही. मोडलेल्या एका नाटक कंपनीचा जरीचा अंगरखा आणला होता, तो फार तंग होता आणि त्यात शिरण्याइतका सुकलेला माणूस बंदरावर मी एकटाच निघालो, एवढंच त्याचं कारण.

तरी तो पाठीवर उसवलाच. सबंध नाटकभर मी लोकांकडे पाठ केली नाही. लोक म्हणाले, काय शूर राजपुत्र, पाठ दाखवत नाही!

पण सांगायचंय ते माझं नाही. त्याच नाटकात जो बुडाला, त्याचं सांगायचंय. मला लिहिता येत नाही. मी बोलतोय आणि आमचे मास्तर उतरवून घेतायत. मध्येच थांबून ते चष्मा पुसतात. ते तुम्हाला दिसणार नाही, म्हणून सांगून ठेवलं.

त्या काळात तुम्ही कधी मुंबईहून आगबोटीने रत्नागिरीला उतरला असाल, तर त्याला तुम्ही पाहिलाय. आगबोट लांब खोल पाण्यात उभी राहते आणि उतारूंना आणायला पडाव जातात. त्यातल्या एका पडावाचा तो तांडेल. गुडघ्यावर पंचा, डोक्याला विटलेली तांबडी टोपी, आणि दाढीचे खुंट मिठाने माखल्यासारखे. उतारू शिडीवरून पडावात पाय टाकायला गेला की हा हात आडवा धरायचा.

"नाव सांगा, मग बसा."

एकदा उपरणं घेतलेले एक वकील भडकले. म्हणाले, "तुला रे काय करायचंय माझं नाव? पैसे घे आणि चल."

"उलटला पडाव, तर हाक कोणाला मारू?" तांडेल म्हणाला. "अहो उपरणं, अहो उपरणं, म्हणून? उपरणं तरंगतं हो. माणूस खाली जातो."

वकिलांनी नाव सांगितलं. बापाचं सांगितलं, गावाचं सांगितलं, न विचारता गोत्रसुद्धा सांगितलं.

बायकांनाही तो सोडायचा नाही. नवीन लग्न झालेल्या पोरी पदर तोंडात धरून कशाबशा सांगायच्या. नवरे बघत राहायचे. सासरी गेल्यापासून त्या पोरींना त्यांचं नाव विचारणारा हा पहिलाच पुरुष असायचा.

मी त्याच्या पडावावर लागलो, तेव्हा मला बंदरावर सगळे बोंबील म्हणायचे. माझ्या अंगाकडे बघून ठेवलेलं नाव. मला त्याचा राग नव्हता. तांडेलाने विचारलं, "नाव?" मी म्हटलं, "बोंबील."

"मेल्या, बोंबील म्हणून हाक मारली तर अख्खा समुद्र ओ देईल. आवस काय म्हणायची?"

"धोंडू."

"मग धोंडू."

आई गेल्यावर त्या नावाला कोणी हात लावला नव्हता. मी असा खूश झालो, की पहिल्याच दिवशी एका सावकाराला खांद्यावर घेऊन निघालो नि पाण्यात बसलो. कारण माझं काम ते. किनाऱ्याशी पाणी उथळ, पडाव वाळूपर्यंत येत नसे. उतारूंना खांद्यावर बसवून कोरड्यात सोडायचं. शिक्षण नसलं तरी मोठमोठी माणसं मी डोक्यावर घेतली आहेत.

आणि उतरतानाही तांडेलाची तीच रीत. तो पडावात उभा राहून एकेक नाव घ्यायचा. "सखाराम!" "हाय!" की मी सखारामाला उचलायचो. नाव घेतल्याशिवाय कोणी उतरायचं नाही. सगळे उतरले, की तो रिकाम्या पडावाकडे बघत जरा वेळ उभा राहायचा. फळ्यांखाली बघायचा, दोरांच्या वेटोळ्याकडे बघायचा. मग म्हणायचा, "चला."

मला चेष्टेची खाज. एकदा म्हटलं, "तांडेलमामा, कोण राहिलं का खाली? काढू का वर?"

तो दोर गुंडाळायला लागला. वल्ह्यावरच्या गड्याने मात्र मला असा चिमटा काढला, की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. संध्याकाळी त्यानेच मला सांगितलं.

तांडेलाला एकच मुलगा होता, गोविंदा. तोही खलाशी. मलबाराकडे गेला होता, आणि मंगळुराहून निरोप पाठवला होता, की घराकडे येणारं जहाज मिळालं की चढतो. त्याच सुमाराला मंगळुरी कौलं भरून निघालेली एक फत्तेमारी वेंगुर्ल्याच्या पुढे वादळात फुटली. एक-दोघे वाचले. तांडेल त्यांच्याकडे चालत गेला. त्यांनी बुडालेल्यांची नावं सांगितली, एकेकाचं सांगितलं. मग म्हणाले, "आणि एक नवा होता. मंगळुराला चढला. नाव विचारायचं राहिलं."

"दिसायला कसा होता?" तांडेलाने विचारलं.

"खलाशासारखा खलाशी."

एवढंच. तो गोविंदा असेल, नसेल. गोविंदा आला नाही, प्रेत आलं नाही, निरोप आला नाही. भटजी म्हणाले, दर्भाचा पुतळा करा आणि क्रिया उरका. तांडेल म्हणाला, "कोणाची? नक्की कोणाची, ते सांगा, मग करतो." भटजींनी काय सांगावं? तेव्हा गोविंदाच्या बायकोचं कुंकू तसंच राहिलं. ती सासऱ्याला सांभाळून होती, आणि रोज सकाळी पेज शिजवताना गोविंदाच्या वाटणीचे तांदूळ धरून टाकायची.

ती पेज रोज उरायची. आणि रोज मी खायचो. त्या घरात मला तेवढंच काम होतं आणि ते मी कधी चुकवलं नाही. वयनी म्हणायच्या, "भावजी, मीठ लागलं?" मी म्हणायचो, "लागलं." माझं त्या घराशी बोलणं एवढंच.

पावसाळ्यात आगबोट बंद, पडाव वर ओढून झापांनी शाकारलेले. आम्ही माणसं सामान ठेवायच्या मांगरात बसून दोर वळायचो. अशा एका पावसाळ्यात मास्तरांनी एक पुस्तक आणलं. पहिली पानं फाटलेली, म्हणून त्याचं नाव कोणाला ठाऊक नव्हतं. अद्भुत कादंबरी. राजपुत्र सोन्याचं डाळिंब आणायला सात समुद्रांपार जातो. वाटेत राक्षस, जादूगार, बोलणारा डोंगर. मास्तर दुपारी वाचायचे, आम्ही तोंड उघडं टाकून ऐकायचो. माझ्या तोंडात एकदा माशी गेली, पण डोंगर काय बोलतो ते ऐकल्याशिवाय मी थुंकलो नाही.

तांडेलाचं वेगळंच. राजपुत्राला वाटेत एक म्हातारी भेटते. आपली घोंगडी त्याला देते, राक्षसाची वाट सांगते, आणि सांगितलं म्हणून राक्षस तिला पोपट करतो. राजपुत्र पुढे जातो.

"नाव काय तिचं?" तांडेल म्हणाला.

"म्हातारी," मास्तर म्हणाले.

"नाव?"

"दिलेलं नाही."

"पुढे येते ती?"

मास्तरांनी पानं चाळली. "नाही."

"मग राक्षस मेल्यावर ती परत माणूस झाली का नाय?"

"लिहिलेलं नाही, बाबा."

"म्हणजे अजून पोपटच," तांडेल म्हणाला, आणि दोराला पीळ घालायला लागला.

आम्ही हसलो. पण त्यानंतर मांगराच्या मागच्या माडावर पोपट बसला, की तो वर बघून म्हणायचा, "काय गो म्हातारे, बसलीस अजून?" एक-दोनदा मी त्याला तिथे मूठभर तांदूळ टाकताना पाहिलं. मी विचारलं, तर म्हणाला, "घोंगडी दिली तिने. पावसाचे दिवस हायत."

मग ते पान आलं. मास्तरांनी वाचलं: "इतक्यात मोठे वादळ झाले व जहाज फुटले. राजपुत्र एका फळीच्या आधाराने तरला. बाकीचे खलाशी बुडाले. प्रातःकाळी सुगंधी वाऱ्याने राजपुत्रास जाग आली..."

"थांबा," तांडेल म्हणाला. "बाकीचे कोण?"

मास्तरांचंही चुकलं नाही. ते त्या वर्षी बदलून आलेले, त्यांना काही ठाऊक नव्हतं. ते म्हणाले, "अरे, गोष्ट राजपुत्राची आहे. खलाशी काय, असतात जहाजावर."

तांडेल उठला, टोपी घातली आणि पावसात निघून गेला. आम्ही खाली बघत बसलो. मास्तर म्हणाले, "काय झालं?" तेव्हा कोणीतरी सांगितलं. मास्तरांनी पुस्तक मिटलं. त्या दिवशी पुढे वाचन झालं नाही. सुगंधी वारा तसाच राहिला.

मास्तर माणूस चांगला. (हे ते लिहीत नव्हते, मी हट्ट धरला.) त्या गोष्टीचं नाटक करून नारळी पौर्णिमेला लावायचं त्यांच्या मनात होतं. ते आपण होऊन तांडेलाकडे गेले आणि म्हणाले, "जहाज तुमच्या ताब्यात देतो. माणसं तुम्ही घ्या, नावं तुम्ही द्या."

तांडेल म्हणाला, "नाव नसलेला माणूस माझ्या जहाजावर चढायचा नाय."

त्याने नावं दिली. ती त्या कौलांच्या फत्तेमारीवरच्या माणसांची होती. वाचलेल्यांनी एकदाच सांगितली होती, पण त्याला पाठ होती. आमच्यातल्या एकेकाला त्याने एकेक नाव दिलं, आणि ज्याला दिलं त्याला त्या माणसाचं गाव सांगितलं. शेवटी मास्तर म्हणाले, "आणि ही एक जागा मोकळी ठेवलीत, ती कोणाची?"

"तो नवा. मंगळुराला चढला."

"त्याचं काम कोण करणार?"

"कोण नको."

"नाव तरी?"

"बघू," तांडेल म्हणाला.

तालमी म्हणजे माझी फजिती. वाचता येत नाही म्हणून भाषणं कानाने पाठ केली, आणि ती माझ्या तोंडातून उलटसुलट यायची. राक्षसाला सांगायचं ते राजकन्येला सांगायचो. राजकन्येचं काम करणारा न्हाव्याचा गडी दर वेळी घाबरायचा. समुद्र म्हणजे निळीत बुडवलेली धोतरं, दोन्हीकडून दोघे हलवायचे. जहाज म्हणजे मोडक्या होडीचा अर्धा भाग. ते फुटलं की खलाशांनी निळ्या धोतरांखाली शिरायचं, आणि मग खालून रांगत रांगत माझी फळी पाठीवर घेऊन मला पलीकडे न्यायचं. लोकांना दिसायचं, राजपुत्र तरंगतोय. खाली बुडालेले खलाशी शिव्या द्यायचे, कारण मी मध्येच कूस बदलायचो.

तांडेल मात्र बुडेना. सगळे खाली गेले तरी हा उभाच.

"शिंच्या, मर की!" मास्तर ओरडायचे. नाटकात ते सगळ्यांनाच अरेतुरे करायचे.

"सगळ्यांचा आवाज आल्याबिगर तांडेल बुडत नाय," तो म्हणायचा.

तेव्हा असं ठरलं, की त्याने एकेक नाव घ्यायचं, ज्याचं घेतलं त्याने "हाय" म्हणून बुडायचं, शेवटी तांडेलाने बुडायचं. मग मी फळीवर हात जोडून म्हणायचं, "अरेरे! बाकीचे खलाशी बुडाले, मी तेवढा तरलो." सगळ्या नाटकात तेवढं एक भाषण माझं कधी चुकलं नव्हतं.

पौर्णिमेला देवळापुढे झापांचा मांडव घातला. दिवे लागताच नाटक सुरू झालं. बायका एका बाजूला होत्या, त्यांत वयनीही होत्या. पोपट झालेल्या म्हातारीला तांडेलाच्या हट्टाने मास्तरांनी शेवटी परत माणूस करायचं ठरवलं होतं, आणि ते काम करणारा गडी त्यापायी सकाळपासून मिजाशीत होता.

जहाज आलं. पत्रा वाजला, ढग गडगडले, धोतरं उसळली. तांडेल होडीच्या तोंडाशी उभा राहिला आणि त्याने हाक घातली. त्याचा तो आवाज आगबोटीपर्यंत जाणारा. मांडवात मावला नाही. "बाबाजी!" "हाय!" आणि बाबाजी बुडाला. "लक्षुमण!" "हाय!" एकेक करून सगळे खाली गेले. मी फळी धरून हात जोडायच्या तयारीत होतो.

तांडेल उभाच होता. त्या मोकळ्या जागेकडे बघत होता. पत्र्यावाल्याला वाटलं आपलं काही चुकलं, त्याने पत्रा थांबवला.

"गोविंदा!" तांडेल म्हणाला.

मांडवात कोणी हललं नाही.

"गोविंदा रे!"

मला राहवलं नाही. त्याची पेज मी इतकी वर्षं खाल्ली होती, एक "हाय" म्हणायला काय जातं, असं वाटलं असेल. मी फळीवरून ओरडलो, "हाय!"

तांडेलाने माझ्याकडे वळून बघितलं. रागाने नाही. एखाद्या उतारूने चुकून दुसऱ्याच्या नावाला ओ द्यावी, तेव्हा बघायचा तसं. "तू नाय रे धोंडू," तो म्हणाला. "तू राजपुत्र. तू फळी धर."

मागच्या बाजूला कोणी हसलं आणि लगेच गप्प झालं.

"गोविंदा!" तिसरी हाक तेवढी मोठी नव्हती.

तेव्हा बायकांच्या बाजूने वयनी उभ्या राहिल्या. डोक्यावर पदर, तोंड खाली. नवऱ्याचं नाव त्यांना घ्यायचं नव्हतं. त्या म्हणाल्या, "मामंजी, ते नायत. ते बुडाले. तुम्ही बसा आता खाली."

दिवसभर काम करून आलेल्या म्हाताऱ्याला सांगावं, तसं सांगितलं. आणि तो बसला. टोपी काढली, मांडीवर ठेवली, आणि निळ्या धोतरांखाली शिरला. समुद्र हलवणारे दोघे धोतरं हातात धरून नुसते उभे होते. असा थांबलेला समुद्र मी परत पाहिला नाही.

माझं भाषण आलं. मास्तर आतून कुजबुजत होते, "अरेरे, म्हण! अरेरे!" बाकीचे खलाशी बुडाले, हे मी कोणाकडे बघून म्हणू? फळीही हलत नव्हती; खालची माणसं रांगायचं विसरली होती.

मग फळी हलली. एकाच अंगाने, वाकडीतिकडी. ती सरकायला लागली आणि मला खालून श्वास ऐकू आला. तो श्वास मी ओळखत होतो. वल्हं मारताना तो तसाच टाकायचा. तांडेल एकटा मला पाठीवर घेऊन रांगत होता आणि धोतरांखाली रडत होता. मी राजपुत्र, वर जरीचा अंगरखा घालून तरंगत होतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. मी पलीकडे पोचलो.

म्हातारी त्या दिवशी परत माणूस झाली का, मला आठवत नाही. मास्तर म्हणतात, झाली.

पुढच्या आठवड्यात दर्भाचा पुतळा केला, त्याला अग्नी दिला. वयनींनी कुंकू पुसलं. काहीजणी म्हणाल्या, सुटली बिचारी. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो तेव्हा पेज बेताची होती. त्यांनी त्यातली मला वाढली, आणि त्यांच्यापुढे काय उरलं ते मी पाहिलं नाही.

मी तांडेलाला एकदा विचारलं, "मामा, नाटकात कशाला? घरी मारायची होती हाक."

"जहाजावरची हाक जहाजावरच मारायची," तो म्हणाला. "तिथे मी नव्हतो. इथे जहाज मिळालं."

आगबोट सुरू झाली. तो पूर्वीसारखाच हात आडवा धरायचा, नाव विचारायचा, उतरताना हाक मारायचा. पण सगळे उतरले, की पडाव लगेच मागे ढकलायचा. ते रिकाम्या पडावाकडे बघत उभं राहणं गेलं. मी मात्र सवयीने थांबायचो, आणि वल्हं पाठीत बसायचं.

पुढच्या पावसाळ्यात तो तापाने गेला. पडाव शाकारलेले, समुद्र बंद. भटजींनी नाव विचारलं, तर आम्ही सगळे म्हणालो, तांडेल. भटजी म्हणाले, "नाव सांगा, नाव." आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. साऱ्या बंदराची नावं विचारणाऱ्याला आमच्यातल्या कोणी विचारलं नव्हतं. वयनींना ठाऊक असणार, पण सासऱ्याचं नाव त्या कशा घेतील? शेवटी वाडीतल्या एका आंधळ्या म्हाताऱ्याला हाताला धरून आणलं, त्याने सांगितलं. ते नाव ऐकून मला वाटलं, दुसराच कोणी गेला.

नवा तांडेल नाव विचारत नाही. पैसे घेतो आणि चल म्हणतो. म्हणून मी विचारायला लागलो. शिडीखाली हात आडवा धरतो आणि म्हणतो, "नाव सांगा, मग बसा." लोक सांगतात. पण माझं डोकं फुटक्या होडीसारखं. किनारा येईपर्यंत सगळं गळून जातं. एकदा मी सखाराम म्हणून हाक मारली तर एक बाई उतरल्या.

आणि आगबोटीच्या दिवसांत एका सकाळी वयनी बंदरावर आल्या. मुंबईला भावाकडे चालल्या होत्या, कायमच्या. हातात गाठोडं, कपाळ रिकामं. मी उतारूंना एकेक करून पडावात बसवत होतो. नाव सांगा, बसा. नाव सांगा, बसा. त्यांची पाळी आली, आणि माझा हात आडवा झाला.

"नाव?" मी म्हटलं.

त्यांनी गाठोडं माझ्या हातात दिलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "इतकी वर्षं माझ्या हातची पेज जेवलात, नि नाव आज विचारताय? राजपुत्रच तुम्ही, भावजी."